मालवण-तारकर्लीला सहकुटुंब जाताय? जेवायचं कुठे, हे आदल्या रात्रीच ठरवा

दुपारी अडीचला तारकर्लीच्या किनाऱ्यावरून वर येणारी कुटुंबं पाहिली की घोळ कुठे होतो ते लगेच कळतं. कपडे ओले, पायाला वाळू, धाकटं रडकुंडीला आलेलं, आजोबांची जेवणानंतरची गोळी खोळंबलेली, आणि घरातलं कुणीतरी मोबाइलवर रेटिंग चाळत उभं. मग ठरतं की मालवणात जाऊ, तिथलं अमुक हॉटेल नावाजलेलं आहे. सहा-सात किलोमीटर गाडी, पार्किंगची शोधाशोध, दारात नाव लिहून ताटकळणं, आणि आत गेल्यावर फळ्यावरची सुरमई पुसलेली.

हा दोष हॉटेलच्या माथी मारण्यात अर्थ नाही. या भागातल्या बऱ्याचशा चांगल्या जागा घरगुती आहेत. किती पानं वाढायची आहेत, या अंदाजावर त्या सकाळी मासे आणतात आणि तेवढंच रांधतात. त्यामुळे इथे जेवणाचा प्रश्न आदल्या रात्री सुरू होतो आणि सकाळी नऊ-दहापर्यंत सुटलेला असावा लागतो. क्रम असा ठेवा: तारीख, माणसं, दिवसभराचा फिरण्याचा बेत, जागा, फोन. रेटिंग त्यानंतर.

टप्पा १: खोली बुक करण्याआधी कॅलेंडर उघडा

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. तेव्हा ताटात येणारी सुरमई किंवा पापलेट बहुधा बर्फातलं, बाहेरून आलेलं. खाऊ नये असं मुळीच नाही, पण ताज्याचा भाव मोजून खाऊ नका. या दिवसांत कोंबडी-वडे, खाडीचे मासे, सुक्या बांगड्याची किंवा जवळ्याची चटणी आणि टाकळ्यासारख्या पावसाळी भाज्या मागाव्यात. वॉटर स्पोर्ट्स आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात, म्हणून किनाऱ्यालगतच्या पुष्कळ जागांना कुलूप दिसेल.

श्रावणात काही खानावळींत चूल शाकाहारीच असते. गौरी-गणपतीत तर घरगुती खानावळ चालवणाऱ्या घरातच पाहुण्यांची रीघ असते, त्यामुळे ‘बंद’ची पाटी लागलेली असू शकते. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जायचं असेल तर आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख आधी विचारून घ्या. ती दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते, ठरावीक तिथीला नसते. त्या दिवसांत मालवण-कणकवली पट्ट्यात ना खोली मिळत ना रस्ता मोकळा.

वारही बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार न खाणारी माणसं तुमच्या घरात असतील तशी खानावळवाल्यांच्या घरातही असतात. आठवड्यातला मोठा मासळी-बेत बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी ठेवला की दोन्ही बाजू जुळतात.

टप्पा २: पानं मोजा, आणि प्रत्येक पानाचं वेगळं लिहा

‘आम्ही सात जण’ एवढ्या माहितीवर कुणी नीट स्वयंपाक करू शकत नाही. मोबाइलमध्ये चार ओळींची यादी करा: मासे खाणारे किती, फक्त चिकन खाणारे किती, शाकाहारी किती, लहान मुलं किती आणि ती तिखट खातात का. सासूबाईंची चतुर्थी किंवा एकादशी त्या दिवसात येतेय का, तेही त्यात घाला. साबुदाणा खिचडी ऐन वेळी कुठेही मिळेल या भरवशावर राहू नका.

शाकाहारी मंडळींची इथे उगाच दैना होते, कारण त्यांच्यासाठी कुणी विचारतच नाही आणि मग पनीर मसाला पुढ्यात येतो. काळ्या वाटाण्याचं सांबार, कुळथाची पिठी, आंबोळी, घावणे, नीरफणसाची रव्यात घोळून तळलेली कापं, उन्हाळा तोंडावर आला की ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी. हे सगळं इथलंच आहे. पण ते ‘स्पेशल’च्या फळ्यावर क्वचित लिहिलेलं असतं. नाव घेऊन मागायचं, तेही आदल्या दिवशी. कांदा-लसूण न खाणारं कुणी असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. बहुतेक वाटणात कांदा भाजलेलाच असतो आणि तो नंतर काढता येत नाही.

*सावधान:* कोळंबी, कुर्ल्या (खेकडे), तिसऱ्या (शिंपल्या) यांची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाने ‘मी फक्त चिकन खाईन’ म्हणून निर्धास्त बसू नये. तवा एक, तेल एक, कढीचा डाव एक, असं असू शकतं. ‘तुकडा वेगळ्या तेलात तळाल का?’ हा प्रश्न थेट विचारा. उत्तरात चाचपडणं दिसलं तर त्या माणसासाठी वेगळी सोय करा. अँटिहिस्टामिनची, म्हणजे अ‍ॅलर्जीची, नेहमीची गोळी खोलीवर ठेवू नका, खिशात ठेवा.

टप्पा ३: दीड वाजता तुम्ही नेमके कुठे असाल?

सगळा बेत या एका प्रश्नावर उभा आहे. मालवण शहरात बंदर, बाजार आणि सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या होड्यांचा धक्का. तिथून दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली. आणखी खाली, कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर देवबाग. देवबागात जायला-यायला रस्ता एकच आणि तोही अरुंद. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत तिथून मालवणला जेवायला निघणं म्हणजे भुकेल्या पोरांना गाडीत कोंडून ठेवणं.

म्हणून जोड्या लावा. ज्या दिवशी किल्ला आणि बाजार, त्या दिवशी जेवण मालवणात. ज्या दिवशी डॉल्फिन, नदी-समुद्राचा संगम आणि त्सुनामी आयलंड (देवबागजवळचं वाळूचं बेट), त्या दिवशी जेवण देवबाग-तारकर्लीत. शेवटचा खेळ संपतो तिथून पंधरा मिनिटांच्या आतली जागा धरा. त्याहून लांबची जागा कितीही नावाजलेली असो, ती रात्रीसाठी राखा.

सकाळचं खाणंही याच टप्प्यात ठरवा. बनाना राइड, पॅरासेलिंग, स्कूबा असेल तर आधी दीड-दोन तास हलकं खावं: दोन घावणे, एखादी इडली, केळं. मिसळ-पाव हाणून होडीत बसलात तर ती होडीतच परत येईल. अगदी उपाशीपोटी बसणंही तितकंच वाईट, मळमळ त्यानेही होते. किल्ल्यावर उतरवल्यावर होडीवाले फिरायला साधारण तासभर देतात. वर ताक-सरबताची सोय असते, पण जेवण म्हणावं असं काही धरून चालू नका.

*तपासा:* भरती-ओहोटीप्रमाणे खेळांच्या वेळा पुढेमागे होतात. बुकिंग करणाऱ्याला ‘आम्ही परत किती वाजता?’ असं विचारा, आणि तो सांगेल त्यात पाऊण तास मिळवून जेवणाची वेळ धरा.

टप्पा ४: कोणती जागा कधी

*राहता तेच घर.* पहिल्या रात्री इथेच जेवा, यात डोकं खाजवू नका. आठ-दहा तासांचा प्रवास करून आल्यावर पुन्हा गाडी काढण्यात काही हशील नाही. घरमालकिणीच्या हातची चव पहिल्याच रात्री कळली की पुढच्या दिवसांचं ठरवणं सोपं जातं. अट एकच: निघतानाच फोन करून सांगायचं. रात्री नऊला पोहोचून ‘काहीतरी करा’ म्हटलं तर अंडा करी आणि भात मिळेल, आणि तक्रार करायला जागा नसेल.

*खानावळ.* दुपारच्या जेवणासाठी माझी पहिली पसंती. टेबलं थोडी, पदार्थ मोजके, फळा रोज नवा. फळा नीट पाहा. जिथे ओळी पुसून परत लिहिल्याच्या खुणा आहेत, बांगड्यावर काट मारून शेजारी सौंदाळे लिहिलेत, तिथे स्वयंपाक बाजाराप्रमाणे चाललाय. लॅमिनेट केलेल्या कार्डावर बाराही महिने बावीस प्रकारचे मासे असतील तर फ्रीजर मोठा आहे एवढं समजावं.

*शहरातलं मोठं हॉटेल.* घरात चार तोंडं चार दिशांना असतील, कुणाला पापलेट, कुणाला नूडल्स, कुणाला डोसा, तर इथेच जा. चव जरा सरधोपट लागेल, पण स्वच्छतागृह नीट असतं आणि आजीला टेकायला खुर्ची मिळते. या दोन गोष्टींना मी चवीपेक्षा कमी मोजत नाही.

*किनाऱ्यावरच्या टपऱ्या.* भजी, मॅगी, चहा, शहाळं. भूक मारायला ठीक. मासे तळून देणाऱ्या टपरीवर तेलाचा रंग पाहून ठरवा.

*पॅकेजमधलं जेवण.* ‘पाच राइड आणि थाळी’ असं एकत्र विकतात. राइड घ्या, थाळी वगळून भाव विचारा. त्या थाळीत मासा कुठला आणि तुकडे किती, हे आधी कुणी सांगत नाही. रिक्षावाल्याने किंवा एजंटाने सुचवलेली ‘ओळखीची’ खानावळ वाईटच असते असं नव्हे. त्याला एवढंच विचारा, ‘दादा, तुम्ही स्वतः कुठे जेवता?’ दोन उत्तरं वेगळी आली तर दुसरं ऐका.

टप्पा ५: सकाळचा फोन

इथेच बहुतेक जण गोंधळतात. एकतर फोन करत नाहीत, किंवा करून ‘चालू आहे का?’ एवढंच विचारतात. चालू तर असतंच. विचारायचं ते हे, या क्रमाने:

१. आज कोणते मासे आलेत? ‘सगळं आहे’ असं उत्तर आलं तर नाव घेऊन विचारा: सुरमई आहे का, कापायची आहे की कापून ठेवलेली?
२. आम्ही इतके जण, इतक्या वाजता येतो. मासे, चिकन, शाकाहारी अशी फोड सांगा.
३. थाळीचा भाव काय, त्यात काय काय, भात आणि कढी पुन्हा मिळते का?
४. पापलेट, मोठी कोळंबी, कुर्ल्या यांचा भाव आकाराप्रमाणे असतो. आज किती?
५. वडे हवेत की भाकरी? वडे वेळेवर तळावे लागतात, पीठ आधी भिजवावं लागतं.

वेळ सकाळी साडेनऊ-दहाच्या आतली. साडेबाराला फोन केलात तर पलीकडून ‘आता नाय जमाचा, सकाळी सांगूक होया होता’ असं ऐकू येईल आणि त्यात काही चुकीचं नाही. आगाऊ रक्कम मागितली तर थोडी द्या. सात जणांचे मासे चिरून ठेवायचे आणि पाहुणे दुसरीकडे बसलेले, हा अनुभव त्यांना हंगामात नेहमीचा आहे. बेत बदलला तर अकराच्या आत कळवा.

*तपासा:* काही ठिकाणी नेटवर्क दगा देतं आणि यूपीआय अडकतं. दोन वेळच्या जेवणाएवढी रोकड जवळ ठेवा.

टप्पा ६: बसण्याआधी दोन मिनिटं

एकाने आत जाऊन यावं, बाकीच्यांनी गाडीतच थांबावं. सगळे एकदा बसले, पाणी आलं, की उठायला संकोच वाटतो. पाहायचं काय? हात धुवायच्या जागी साबण आहे का. पिण्याचं पाणी कुठून भरतायत. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक कुठे लावलाय का. लहान खानावळीलाही नोंदणी लागते आणि क्रमांक दिसेल असा लावावा लागतो. शेजारच्या टेबलावर ताटं आहेत की नुसते पाण्याचे पेले? सगळीच टेबलं ताटाविना असतील तर किमान अर्धा तास धरा आणि मुलांसाठी आधी सोलकढी किंवा आंबोळी सांगा.

सोलकढीचं एक लक्षात ठेवा. ती नारळाच्या दुधाची, उन्हात लवकर आंबते. कोकमाचा आंबटपणा वेगळा आणि नासल्याचा वेगळा. जिभेला चरचर लागली किंवा वर फेसाळ थर दिसला तर वाटी बाजूला सारा.

टप्पा ७: मागवताना आणि ताट आल्यावर

सगळ्यांना एकच सुरमई थाळी, ही सहलीतली सर्वांत महागडी सवय. सुरमईला मागणी जास्त, म्हणून भाव चढा, आणि संपतेही तीच आधी. दोन सुरमई, दोन बांगडा आणि मध्ये वाटून खायला तिसऱ्यांचं सुकं, असं मागवलं तर खर्च आटोक्यात राहतो आणि चाखायलाही जास्त मिळतं. हंगामातला ताजा बांगडा, तिरफळं घातलेल्या कढीतला, शिळ्या सुरमईच्या कितीतरी वर आहे. सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली असेल तर ‘आज रापणीचा काय इला?’ असं विचारून बघा. यादीत नसलेलं एखादं ताट निघू शकतं.

मुलांना सुरमई, हलवा, पापलेट द्या. मधला काटा काढला की सोपं. तारली, पेडवे चवीला उत्तम, पण काटे बारीक. ते मोठ्यांनीच निवडत बसावं. मुलांचा तुकडा ‘बिनतिखट, नुसतं मीठ-हळद-कोकम’ असा आधीच सांगा. मसाला चोळून ठेवलेला मासा नंतर फिका होत नाही. काटा अडकलाच तर भाताचे गोळे गिळवत बसू नका. पाणी द्या, पाहा, आणि टोचणं थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

ताजेपणा ताटातही ओळखता येतो. तळलेला तुकडा बोटाने मोडा. ताज्या सुरमईचे पदर ओलसर, सलग सुटतात. जुन्याचा भुगा होतो किंवा मांस पिठूळ लागतं. वरच्या रव्याचा थर फार जाड आणि तिखट जहाल असेल तर त्याखाली काय दडलंय ते आधी पाहा.

*सावधान:* बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) असे मासे बर्फाविना राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवल्याने किंवा तळल्याने जात नाही. खाताना जीभ झणझणणं, मग तासाभरात चेहरा लाल होणं, खाज, डोकेदुखी, ही त्याची लक्षणं. खाणं लगेच थांबवा. श्वासाला त्रास वाटला किंवा मूल गळून गेलं तर वेळ न घालवता डॉक्टरकडे जा.

टप्पा ८: एक रात्र बाजारातून मासे आणून

दोन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम असेल तरच हे करा. घरमालकीण काकींना सकाळीच विचारा: मासे आणले तर साफ करून रांधाल का, आणि करणावळ किती? न विचारता पिशवी घेऊन दारात उभं राहणं बरं दिसत नाही.

मालवणच्या किनाऱ्यावर संध्याकाळी होड्या लागल्या की लिलाव चालतो. दापोलीकडे गेलात तर हर्णै बंदरातला लिलाव असाच गजबजलेला. लिलावात माल टोपल्यांनी जातो, तिथे कुटुंबाने बोली लावू नये. शेजारी मासे घेऊन बसलेल्या बायकांकडून घ्यावं. कल्ले लालभडक, डोळा फुगीर आणि स्वच्छ, पोट घट्ट. अंगठ्याने दाबल्यावर खड्डा तसाच राहिला तर पुढच्या पाटीकडे सरका. तिसऱ्या मिटलेल्या हव्यात. उघडी असलेली टिचकी मारल्यावर मिटत नसेल तर ती टाकून द्या. कुर्ली हातात घेऊन जड लागते का पाहा, हलकी म्हणजे आत पोकळ.

मासे तिथेच कापून घ्या आणि बर्फ मागा. ‘फक्त दहा मिनिटांचा रस्ता आहे’ म्हणून गाडीच्या डिकीत ठेवलेली पिशवी वाटेतल्या सूर्यास्तापायी दीड तास तिथेच राहते.

टप्पा ९: बिल

आकाराप्रमाणे भाव असलेल्या माशाचा आकडा मागवतानाच ठरला असेल तर इथे वाद होत नाही. जीएसटी लावला असेल तर बिलावर त्यांचा जीएसटी क्रमांक छापलेला हवा; साध्या रेस्टॉरंटला दर ५ टक्के आहे. सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. घरगुती खानावळीत मात्र कच्च्या कागदावरच्या पाच-दहा रुपयांसाठी भांडत बसू नका. जाताना उद्याची पानं सांगून या.

टप्पा १०: परतीचा दिवस

शेवटच्या दुपारी भरपेट मासे आणि लगेच घाटाचा रस्ता, हा बेत मुलांच्या पोटाला झेपत नाही. जड जेवण आदल्या रात्री उरका. कुडाळहून कोकणकन्या किंवा तुतारी एक्स्प्रेस पकडणार असाल तर गाडी संध्याकाळी सुटते आणि मालवण ते कुडाळ सुमारे अठ्ठावीस किलोमीटर आहे, म्हणून रात्रीचा डबा खोलीवरूनच बांधून घ्या: घावणे आणि सुकी चटणी, चपाती आणि बटाट्याची भाजी. ओल्या खोबऱ्याचं काही नको, तळलेले मासे नकोत. दिवसाच्या मांडवी एक्स्प्रेसला डबा नसला तरी चालतं, तिच्या पॅन्ट्रीचं खाणं नावाजलेलं आहे.

सोलकढी बाटलीत भरून नेण्याचा मोह टाळा. त्याऐवजी कोकमाचं आगळ (घट्ट रस) घ्या आणि घरी ताज्या नारळाच्या दुधात करा. बाटलीचं झाकण दुकानातच घट्ट करून वर प्लॅस्टिक बांधून घ्या, ती उभी ठेवा आणि कपड्यांच्या बॅगेत घालू नका. तो डाग निघत नाही.